जुळू नये तो आकडा

१

खोक्यावरची पिवळी पट्टी कुणीतरी कापली होती आणि वरून तशीच दुसरी चिकटवली होती.

चिंगीच्या ते लक्षातही आलं नाही. आत्याच्या आलं. आत्याची सगळी नोकरी वजनं-मापं तपासण्यात गेलेली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, लिटरच्या मापाला आतून बसवलेला खोटा तळ, असल्या गोष्टी तिला दुकानाच्या दारातूनच दिसत. बाजारात तिचं नावच मापबाई पडलं होतं. तिनं खोकं हातात फिरवलं, पट्टीच्या कडेवरून नख ओढलं आणि चिंगीच्या नाकासमोर धरलं. नव्या पट्टीखालून जुन्या पट्टीची सरळ कापलेली कड डोकावत होती.

खोक्यात एक डिस्क होती आणि डिस्कमध्ये आत्याचा आवाज होता.

येत्या सोमवारी आत्याचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. त्यानंतर ती जगणार होती, चालणार होती, भांडणारही होती, पण स्वतःच्या आवाजात नाही. दुसऱ्या शहरातली एक प्रयोगशाळा माणसाच्या ध्वनिमुद्रित बोलण्यावरून तसाच बोलणारा आवाज यंत्रात उतरवून देई. त्यासाठी आत्या दोन आठवडे या स्टुडिओत येऊन बोलत होती. ओठांची हालचालही हवी म्हणून समोर कॅमेरा. मंगळवारी काम संपलं. आज शुक्रवार. संध्याकाळी प्रयोगशाळेचा माणूस डिस्क न्यायला येणार होता. तोवर घशाला विश्रांती द्या, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे आत्याच्या हातात लिहून पुसायची एक छोटी पाटी होती, आणि पाटीवरचं मोठ्यानं वाचायला भाची, चिंगी.

"डेसिबल!" स्टुडिओच्या मालकीणबाईंनी हाक मारली. त्या धिप्पाड, गोड बोलणाऱ्या आणि क्षणात तापणाऱ्या.

"मॅडम, साठ डेसिबलमध्ये बोललात तरी चालेल, मी दारातच आहे." गळ्यात हेडफोन अडकवलेला काटकुळा ध्वनिमुद्रक आत आला. या सवयीमुळेच त्याला ते नाव मिळालं होतं.

"हे खोकं होतं त्या कपाटाची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"तुमच्याकडे, माझ्याकडे. आणि तिसरी चोखभाऊंच्या खणात."

"खणाला कुलूप आहे?"

"खणाला चोखभाऊ आहेत."

ऑफिस सांभाळणारे चोखभाऊ आपल्या टेबलाशी बसले होते. टेबलावरची पेनं रुळांसारखी समांतर ठेवलेली. शर्टाची घडी मोडली तर माणूस मोडेल असं वाटावं, इतके नीटनेटके. ते उठले, डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली आणि आवाजाच्या फोल्डरचा आकार उघडला.

"उगाच आरडाओरड कशाला? खोक्यावर काय लिहिलंय? चारशे चाळीस जीबी. आणि आत? वाचा ताई तुम्हीच."

चिंगी वाकली. "चारशे चाळीस जीबी. आणि पुढे कंसात चार, सात, दोन, चार, चार…"

"तो बाइटांचा भारा असतो, तो कुणी वाचत नाही. चारशे चाळीस म्हणजे चारशे चाळीस. एक दाणा इकडचा तिकडे नाही. चोख!"

त्यांनी पहिली फाइल चालू केली. पडद्यावर आत्या दिसली आणि तिचा तो जाडसर, तंबोऱ्याच्या खालच्या तारेसारखा आवाज खोलीत पसरला. सगळ्यांनी श्वास सोडला. मालकीणबाई तर हसूही लागल्या. कुणीतरी उत्सुकतेनं उघडून पाहिलं असेल, झालं.

आत्या मात्र ऐकतच नव्हती. ती पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे टक लावून पाहत होती, जिथे आकडा होता. मग तिनं पाटीवर लिहिलं: "यातलं काहीतरी गेलंय."

"अगं आत्या, आकडा जुळतोय की!"

आत्यानं पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला.

"म्हणूनच."

२

चिंगी शाळेत विज्ञान शिकवायची. पुराव्याशिवाय ती सख्ख्या आत्याचंही ऐकून घेत नसे. तिनं चोखभाऊंच्या हातातून माउस घेतला आणि एकेका दिवसाचं फोल्डर उघडत गेली. पहिल्या दिवशी आत्या, दुसऱ्या दिवशी आत्या. शेवटून दुसरं फोल्डर उघडलं आणि पडद्यावर एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस बूट घासत गाऊ लागला.

"हे काय?"

"बुटांचं पॉलिश," डेसिबल म्हणाला. "आपण केलेली जाहिरात."

पुढची फाइलही पॉलिश. त्यापुढचीही. शेवटची दोन्ही फोल्डरं त्या एकाच जाहिरातीच्या कच्च्या चित्रणानं गच्च भरलेली होती. तोच माणूस तोच बूट पुन्हा पुन्हा घासत होता. बुटाला भोक कसं पडलं नाही, याचंच नवल.

चिंगी खुर्चीत बसली. सुरुवातीचे सगळे दिवस आत्यानं प्रयोगशाळेनं दिलेली वाक्यं वाचली होती. 'निळा डबा खिडकीजवळ ठेवा' छापाची, कुणाचीच नसलेली. शेवटचे दोन दिवस मोकळ्या बोलण्याचे होते. त्यात हाका होत्या, घासाघीस होती, फोनवरचं 'कोण बोलतंय?' होतं, रागावणं होतं, हसणं होतं. चिंगीची आई लवकर गेली. तिला ज्या आवाजानं वाढवलं, तो आवाज त्या दोन फोल्डरांत होता. बाकीच्यात फक्त उच्चार होते.

"दुसरी प्रत?"

"नाही," डेसिबल म्हणाला. "बाईंनीच सांगितलं होतं, माझा आवाज चार ठिकाणी नको. डिस्क भरली की मी स्टुडिओतलं सगळं पुसलं. पुढच्या प्रती प्रयोगशाळाच काढणार होती."

आत्यानं मान डोलावली. ते खरं होतं.

मालकीणबाईंचा रंग पालटला. "आणि बाईंकडे नमुना कोण मागत होतं? नव्या नोकरीसाठी दाखवायला दोन मिनिटं द्या म्हणून? त्या नाही म्हणाल्या तेव्हा तोंड कुणाचं पडलं होतं? डेसिबल, आजच्या आज आवाज परत दे, नाहीतर उद्यापासून हे दार तुला बंद. आणि कुठल्याच स्टुडिओत उभं राहता येणार नाही, अशी व्यवस्था करते."

"मॅडम, मी नाही घेतला."

"मग कुणी, बुटानं?"

आत्यानं टेबलावर टकटक केलं. पाटीवर लिहिलं होतं: "माणूस यायला अवकाश आहे. तोवर मी तिघांशी बोलते." आणि खाली, बारीक अक्षरात: "म्हणजे चिंगी बोलेल."

तेवढ्यात चिंगीच्या मनात आलं की तिघांपैकी एकाला आत्यानं केव्हाच ओळखलं आहे. कारण आत्याच्या चेहऱ्यावर ते जुनं, बाजारातलं हसू होतं. हातात वजन घेतल्याबरोबर ते हलकं आहे हे कळलं की यायचं, ते.

३

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतींना करड्या स्पंजाचे खवले होते. इथे बोललेला शब्द तोंडापासून वीतभर लांब जाऊन मरायचा. डेसिबल आपल्या संगणकासमोर बसला, पण पाठ पडद्याकडे करून.

"खोक्यावरचा आकडा तुम्ही लिहिलात?" चिंगीनं विचारलं.

"हो. मंगळवारी. या इथे या संगणकावर पाहिला आणि लिहिला. पट्टीही मीच लावली. मग खोकं चोखभाऊंकडे दिलं, त्यांनी कपाटात ठेवलं."

"त्यानंतर डिस्क इथे जोडली होती?"

"नाही. मी बुधवार-गुरुवार शाळेच्या नाटकाच्या ध्वनिमुद्रणाला बाहेर होतो. पण किल्ली माझ्या खिशात होती, तेही खरंच आहे." तो थोडा हसला. "मी माझ्याविरुद्ध फार चांगला साक्षीदार आहे."

आत्यानं लिहिलं: "नमुना का हवा होता?"

"कारण मी आजवर केलेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे, बाई. पण नाही म्हणजे नाही. चोरलेला आवाज दाखवून मी नोकरी मागू? तिथे पहिलाच प्रश्न विचारतील, ही बाई कोण?" मग तो चाचरला. "एक खरं सांगू? सगळंच चांगलं नव्हतं झालं. हसणं आणि रागावणं मला जमवून घेता आलं नाही. तुम्ही या भिंतीवर रागावत होतात. आवाजाची पातळी सुरेख होती. राग मात्र शून्य."

आत्याचे खांदे हसल्यासारखे नुसते हलले. तिनं पुढचा प्रश्न लिहिला आणि चिंगीनं तो वाचताना भुवया उंचावल्या.

"ही डिस्क आणली कुणी?"

"चोखभाऊंनी. अहो, त्याचं एक रामायणच झालं!" डेसिबल पहिल्यांदाच खुलला. "डिस्क पाचशे जीबीची. खोक्यावर छापलेलं, पाचशे. त्यांनी आणून ऑफिसात जोडली तर चारशे पासष्ट. झालं! दुकानदारानं काटा मारला म्हणून तणतणत परत गेले. दुकानदारानं आपल्या संगणकाला जोडून दाखवली, तर बरोब्बर पाचशे. हे गप्प बसतील? परत येऊन म्हणतात कसे, 'त्याचा संगणकही त्याला सामील आहे!'"

चिंगी हसली. आत्या हसली नाही. तिनं डेसिबलच्या संगणकाकडे बोट केलं आणि लिहिलं: "दुकानदाराचा संगणक याच्यासारखा होता?"

"असेल. मी नव्हतो बरोबर. का?"

आत्यानं पाटी पुसली.

४

मालकीणबाईंनी आधीच स्वतःची बाजू मांडून टाकली. "मला कशाला हवाय कुणाचा आवाज? हो, मी बाईंना म्हटलं होतं, तुमचा आवाज जाहिरातीला शोभेल. त्या नाही म्हणाल्या, विषय संपला. चोरून लावला असता तर पहिल्याच दिवशी चारचौघांत पकडले गेले असते. हा आवाज काय लपणारा आहे?"

"तुम्ही डिस्क जोडून पाहिलीत का, या आठवड्यात?"

"मी? मला त्या जीबी-बीबीतलं ओ की ठो कळत नाही. पडद्यावर ती निळी पट्टी असते ना, ती भरत आली की नवी डिस्क मागवा म्हणते. आकडे चोखभाऊ बघतात. तो माणूस आहे म्हणून हा स्टुडिओ उभा आहे."

चोखभाऊ टेबलाशी ताठ बसले होते. चिंगी समोर बसली तशी त्यांनी एक पेन किंचित सरळ केलं.

"विचारा. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"मंगळवारी खोकं तुम्ही कपाटात ठेवलंत. तेव्हा आत काय आहे ते पाहिलं होतं?"

"म्हणजे काय? न तपासता मी टाचणीसुद्धा ठेवत नाही. पट्टीला हात न लावता खोक्याच्या खालच्या झडपेतून डिस्क काढली, जोडली, आकडा पाहिला. चारशे चाळीस. खोक्यावर चारशे चाळीस. मग आत ठेवली."

"या संगणकावर?"

"याच. माझ्याकडे दुसरा कुठाय?"

"आणि नक्की चारशे चाळीसच होते? चारशे दहा वगैरे?" चिंगीनं आत्याच्या पाटीवरचं वाचलं.

"ताई, मी काय डोळे मिटून आकडे वाचतो?" त्यांचा आवाज जरा चढला. "चारशे दहा दिसले असते तर मी डेसिबलला तिथल्या तिथे उभा केला असता. तीस जीबी कमी म्हणजे थट्टा आहे? आकडा जुळल्याशिवाय मला रात्री झोप येत नाही, घरी विचारा कुणालाही."

"पॉलिशची जाहिरात कुणाकडे असते?"

"सगळ्यांकडे. स्टुडिओतही आहे, इथेही आहे. आठवडाभर तेच तर चाललंय."

हा सवाल चिंगीचा स्वतःचा होता आणि तो फुकट गेला. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं पाटी छातीशी धरली होती. तिनं ती हळूच वळवली.

"सगळ्यांना बोलाव. डिस्क डेसिबलच्या खोलीत घे."

५

खोली चौघांसाठी होती, पाचवा श्वास जड जात होता. डेसिबलनं डिस्क आपल्या संगणकाला जोडली. सगळे पडद्याकडे वाकले.

"चारशे बहात्तर," डेसिबल म्हणाला आणि मागे सरकला. "हे कसं शक्य आहे? मी चारशे चाळीस लिहिले होते. आवाज चोरीला गेला आणि डिस्क फुगली?"

"भूत आहे का काय त्या डिस्कमध्ये?" मालकीणबाई म्हणाल्या. "आत्ता तिकडे चारशे चाळीस होते!"

आत्यानं चिंगीला पाटी दिली. त्यावर दोनच शब्द होते: "दोन शेकडे."

चिंगी क्षणभर गोंधळली, आणि मग तिला हसूच आलं. लहानपणी आत्या फळबाजारातली गंमत सांगायची. एका व्यापाऱ्याचा शेकडा शंभराचा, पलीकडच्याचा एकशे काहीतरीचा. दोघेही प्रामाणिक, दोघांच्याही तोंडी 'शेकडा'च. रडायचा तो एका दुकानातून मोजून घेऊन दुसऱ्याच्या हिशोबानं मोजणारा.

"भूत नाही," ती म्हणाली. "मापं दोन आहेत. हा संगणक हजाराच्या हिशोबानं मोजतो. हजार बाइटांचा एक किलोबाइट, हजार किलोंचा एक मेगा, हजार मेगांचा एक गिगा. ऑफिसातला दुपटीनं चालतो. दोन, चार, आठ असं दहा वेळा दुप्पट केलं की एक हजार चोवीस होतात. संगणकाच्या पोटात सगळं दुपटीचंच असतं, म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हणून टाकलं. चोवीसचा फरक, कोण बघतंय! पण मेगाला तो फरक पुन्हा चढतो, गिगाला पुन्हा. तिथे पोचेपर्यंत शेकड्यामागे सातांहून जास्त होतात. त्या मोठ्या मापाला वेगळं नावही दिलंय, गिबीबाइट. पण ऑफिसातला संगणक लिहितो जीबीच."

"म्हणजे दुकानदार…" डेसिबलचे डोळे मोठे झाले.

"दुकानदार चोर नव्हता. पाचशे छोटे गिगा म्हणजे चारशे पासष्ट मोठे. डिस्क तेवढीच, माप बदललं."

चोखभाऊंनी शर्टाची बाही सरळ केली.

"आता आपल्या डिस्कचं बघा. मंगळवारी इथे चारशे चाळीस होते. तीच डिस्क, कुणी हातही लावला नसता, तर ऑफिसात किती दिसायला हवी होती? चारशे दहाला जरा कमी. पण सकाळी तिथे चारशे चाळीस दिसले. आपण सगळे खूष झालो. एकटी आत्या घाबरली, कारण दोन वेगळ्या तराजूंवर एकच आकडा आला, तर पारड्यातला माल बदललाय. कंसातले बाइट तेच सांगत होते. मी चार-सात-दोन वाचतसुद्धा होते, तुम्ही मला थांबवलंत."

"पण माल वाढला कसा?" मालकीणबाईंनी विचारलं. "चोर कमी करतो, भर घालत नाही."

"भर कोण घालतो?" चिंगीनं आत्याकडे पाहून विचारलं, आणि आत्यानं डोळ्यांनीच पुढे हो म्हटलं. "ज्याच्याकडून आधी काहीतरी सांडलंय तो. आकडा खोक्याशी जुळेपर्यंत त्यानं पॉलिश ओतलं. त्याच्यासमोरचा आकडा चारशे चाळीस झाला तेव्हा तो थांबला. कुठल्या पडद्यावर? डेसिबलनं हे केलं असतं तर इथे केलं असतं, आणि आत्ता इथे चारशे चाळीस दिसले असते. दिसले चारशे बहात्तर. म्हणजे भरणाऱ्यानं ऑफिसातला पडदा पाहून भरलं."

डेसिबलनं मोठा श्वास सोडला. मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

"ऑफिसातला संगणक दोघंच वापरतात," त्या सावकाश म्हणाल्या. "चोखभाऊ आणि मी."

"तुम्ही पट्टी बघता, आकडा नाही. तुम्ही निळी पट्टी भरेपर्यंत भरलं असतं." चिंगी वळली. पुढचं बोलायला तिला जड जात होतं. "चोखभाऊ, तुम्ही म्हणालात, मंगळवारी डिस्क जोडून पाहिली आणि चारशे चाळीस होते. मंगळवारी तर काहीच हललं नव्हतं. तुमच्या संगणकावर त्या दिवशी चारशे चाळीस दिसूच शकत नव्हते. मी तुम्हाला चारशे दहाची वाटही दाखवली. तुम्ही ती नाकारलीत. म्हणजे मंगळवारी तुम्ही पाहिलंच नव्हतं. चारशे चाळीस तुम्ही पाहिलेत ते नंतर, स्वतः जुळवल्यावर."

 

चोखभाऊंनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घातली.

"बुधवारी पॉलिशवाल्यांना चित्रण पोचवायचं होतं," ते म्हणाले. "रिकामी डिस्क नव्हती. म्हटलं, हिच्यात जागा आहे. पट्टी कापून काढली, नेऊन आणली, नवी पट्टी लावली. मग पॉलिशचं फोल्डर पुसायला घेतलं, तर खालची बाईंची दोनही निवडली गेली. 'नक्की पुसायचं?' विचारलं त्यानं. मी हो म्हटलं. मी नेहमीच हो म्हणतो, कधी चुकलेलो नाही ना. बाहेरच्या डिस्कवरचं कचऱ्याच्या डब्यात जात नाही, थेटच जातं. आकडा पाहिला, तीनशे पस्तीस. खोक्यावर चारशे चाळीस. तो फरक मला बघवेना."

"आणि सोमवारनंतर?" चिंगीनं विचारलं. "प्रयोगशाळेनं फोल्डर उघडलं असतं, तेव्हा काय?"

"मला वाटलं, ते म्हणतील शेवटचं खराब आलंय, बाई पुन्हा येतील, बोलतील. सोमवारचं मला… मी विचारलंच नाही कधी, की शस्त्रक्रिया केव्हा आहे."

६

डेसिबलनं डिस्क तासभर खरवडली. पुसलेलं लगेच मरत नाही, त्यानं समजावलं. नुसती त्याची पाटी निघते, माल जागेवर असतो. पण त्यावर दुसरं काही ओतलं की गेलं. आणि चोखभाऊंनी तर चुकीच्या मापानं, हवं त्याहून बत्तीस जीबी जास्त ओतलं होतं. उरलेल्या जागेतून हाताला लागली ती नुसती खरखर. स्टुडिओच्या संगणकावरही त्या जागी पॉलिशचंच चित्रण चढलं होतं.

"काढून टाकते या माणसाला," मालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. मग डेसिबलकडे वळून, बऱ्याच खालच्या पट्टीत, "आणि तू… सकाळी मी बोलले ते…"

"ऐंशी डेसिबल होतं, मॅडम. कान अजून वाजतायत."

"चुकलंच माझं."

"आता पन्नासच्या आत आलात. पोचलं."

चिंगी बाहेर जाऊन डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. विनवत होती म्हणणं जास्त बरोबर. आत आली तेव्हा डोळे लाल होते. "अर्धा तास म्हणाले. पाणी पीत पीत. ओरडायचं नाही. त्याहून एक मिनिट जास्त नाही."

दोन दिवसांचं बोलणं अर्ध्या तासात मावणार नव्हतं. आत्यानं पाटी बाजूला ठेवली. मग ती उठली, माइकसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली, चिंगीला पाण्याचा पेला देऊन शेजारी बसवलं आणि काचेपलीकडे बोट केलं. चोखभाऊंकडे.

"मला?" ते घाबरले. "मी कशाला?"

डेसिबलला कळलं. "या भाऊ, बसा समोर. बाईंना आज भिंत नकोय."

चोखभाऊ येऊन बसले, परीक्षेला बसावं तसे. लाल दिवा लागला. आत्यानं घसा साफ केला. मंगळवारपेक्षा आवाज खरखरीत झाला होता, पण तो तिचाच होता.

"काय हो चोखभाऊ," ती म्हणाली, "लाज नाही वाटली? दूध सांडलं तर सांडलं म्हणावं. पाणी घालून भांडं कशाला भरलंत? आयुष्यभर मी खोट्या मापांच्या मागे फिरले. लबाड लोक पाहिले, कोडगे पाहिले. पण चुकलो म्हणायला नको म्हणून माणसाच्या जागी बुटाचं पॉलिश भरणारा पहिल्यांदा पाहिला! बुधवारी एक फोन केला असतात, तर मी तशीच धावत आले असते. तुमचा आकडा जुळला. माझं काय? अहो, मान वर करा. मी बोलतेय तुमच्याशी. नंतर नाही बोलता यायचं मला."

चोखभाऊंनी मान वर केली. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"चुकलं, बाई. फार चुकलं." मग, जणू कुठेतरी थोडी तरी अब्रू राखायला हवी म्हणून, ते हुंदक्यातच म्हणाले, "पण पॉलिशच्या फायलींना नावं मात्र तुमच्या तारखांप्रमाणे ओळीनं दिली होती हो. एकही नाव चुकू दिलं नाही."

आत्या त्यांच्याकडे पाहतच राहिली. आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग खुर्चीचा हात धरून. ठसका लागला, चिंगीनं पाणी पुढे केलं, ते सांडलं, आणि आत्या आणखी हसली. चोखभाऊही रडता रडता हसू लागले. काचेपलीकडे डेसिबलनं श्वास रोखून एक बोट वर धरलं होतं. कुणी मध्ये येऊ नका.

मग तिनं घासाघीस केली, चोखभाऊंनाच दुकानदार करून, आणि त्यांना पार नमवलं. फोनवरचं 'कोण बोलतंय?' म्हटलं. घोटघोट पाणी प्याली. अर्धा तास संपत आला तसा आवाज विरळ होऊ लागला. डेसिबलनं काचेतून खूण केली. आता शेवटचं.

आत्यानं डोळे मिटले. ती स्वयंपाकघरात उभी आहे आणि बाहेर फाटक वाजलंय, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर आलं.

"चिंगे," तिनं हाक मारली, "आलीस का गं?"

चिंगीला सांगितलं होतं, मुद्रण चालू असताना शेजारी बसून अवाक्षर काढायचं नाही. पण या हाकेला उत्तर न देण्याची तिला सवयच नव्हती.

"आले गं, आत्या," ती म्हणाली आणि तिनं दचकून तोंडावर हात घेतला.

लाल दिवा विझला. चिंगी काचेकडे पाहून रडवेली झाली. "माझा आवाज आला मध्ये. कापाल ना तो?"

प्रयोगशाळेला एकच आवाज हवा होता. डेसिबलनं त्यांच्यासाठी एक फाइल कापून वेगळी केली. दुसरी, न कापलेली, त्यानं आपल्या खिशातल्या छोट्या डिस्कवर घेतली आणि चिंगीच्या हातात ठेवली.

"ही घरी ठेवा," तो म्हणाला. "हिच्यावर आकडा लिहिलेला नाही."